पुस्तक कोणाचे आणि कधीपर्यंत? विद्यार्थ्यांसाठी कॉपीराइट, न्याय्य वापर आणि पब्लिक डोमेन

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’च्या वेगवेगळ्या प्रकाशकांनी काढलेल्या आवृत्त्या आज पुस्तकांच्या दुकानात शेजारीशेजारी मांडलेल्या दिसतात आणि नवी आवृत्ती काढणाऱ्याला त्यासाठी कोणाचीही परवानगी घ्यावी लागत नाही, त्याच दुकानातील पु. ल. देशपांडे यांचे पुस्तक मात्र हक्कधारकाला न विचारता कोणी छापले, तर तो कायद्याने गुन्हा ठरतो. कुसुमाग्रजांची कविता परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत छापताना परवानगीची गरज नसते, पण तीच कविता शुभेच्छापत्रावर छापून विकायची झाल्यास परवानगी अनिवार्य असते. ग्रंथालयातील पुस्तकाच्या एका प्रकरणाची स्वतःच्या अभ्यासासाठी झेरॉक्स काढणारा विद्यार्थी कायद्याच्या चौकटीत असतो, तर बाजारात उपलब्ध असलेल्या संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ शेकडो जणांना पाठवणारा त्याचाच वर्गमित्र त्या चौकटीबाहेर गेलेला असतो.

वरकरणी विसंगत वाटणाऱ्या या उदाहरणांमागे एकच कायदा आहे आणि त्याची रचना समजली की विसंगती उरत नाही. कॉपीराइट म्हणजे लेखकाभोवती उभारलेली सरसकट बंदी, असा समज विद्यार्थ्यांमध्ये आणि अनेकदा शिक्षकांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात हा हक्क जन्मापासूनच तीन बाजूंनी मर्यादित असतो: तो कशाला मिळतो यालाही मर्यादा आहे, तो किती काळ टिकतो यालाही आहे आणि कोणत्या कामाला तो अडवू शकतो यालाही आहे. या मर्यादा म्हणजे वाचकावर केलेली मेहेरबानी नव्हे. लेखकाचा हक्क आणि वाचकाचा हक्क हे दोन्ही एकाच कायद्याने दिलेले आहेत.

हक्काला मुदत कशासाठी?

ग्रंथ लिहायला कित्येक वर्षे लागतात आणि तो छापायला प्रकाशकाला भांडवल घालावे लागते, परंतु पहिली प्रत बाजारात आली की तिची नक्कल करणे सोपे आणि स्वस्त असते. लेखनाचा खर्च न सोसलेला नक्कल करणारा मूळ प्रकाशकापेक्षा कमी किमतीत पुस्तक विकू शकतो, आणि हे असेच चालू राहिले तर नव्या लेखनावर वेळ व पैसा खर्च करण्यास कोणी धजावणार नाही. उलट बाजूने, लेखकाला व त्याच्या वारसांना कायमचा हक्क दिला, तर प्रत्येक जुन्या कवितेसाठी, नाटकासाठी आणि ग्रंथासाठी पिढ्यान्‌पिढ्या परवानगी मागावी लागेल, वारस सापडला नाही तर पुस्तक पुन्हा छापलेच जाणार नाही आणि ज्या जुन्या साहित्यावर नवे साहित्य पोसले जाते तेच कुलूपबंद होईल. या दोन टोकांमधला मार्ग म्हणून मुदतीचा हक्क जन्माला आला.

इंग्लंडमध्ये १७१० साली अमलात आलेला ‘स्टॅच्यूट ऑफ ॲन’ हा या विचाराचा पहिला महत्त्वाचा कायदा होय. नव्या पुस्तकांवर १४ वर्षांचा हक्क आणि ती मुदत संपताना लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षे, अशी तरतूद त्यात होती. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी पुढे असा दावा केला की, या कायद्याच्या पलीकडे लेखकाला, आणि म्हणून त्याच्याकडून हक्क विकत घेणाऱ्याला, परंपरेने कायमचा हक्क आहे. परंतु डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १७७४ साली तो दावा फेटाळला, आणि मुदत संपलेले पुस्तक सर्वांचे होते हे तत्त्व पक्के झाले.

भारतात कंपनी सरकारच्या काळात १८४७ मध्ये आणि नंतर १९१४ मध्ये कॉपीराइटचे कायदे झाले. आज लागू असलेला कायदा १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या असून त्यांपैकी २०१२ ची दुरुस्ती विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

कल्पना सर्वांची, मांडणी लेखकाची

पहिला प्रश्न असा की, हा हक्क नेमका कशाला मिळतो. साहित्य, नाट्य, संगीत व कला यांतील स्वतंत्र कृती, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना तो मिळतो. संगणक आज्ञावलीची गणना साहित्यकृतीतच होते. मात्र यातील कशाच्याही मागची कल्पना, विषय, माहिती किंवा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचीही मालकी नसते. पाककृतींच्या पुस्तकावरून हे सहज लक्षात येते: पुस्तक वाचून पुरणपोळी करण्यास, ती कशी करावी हे दुसऱ्याला सांगण्यास किंवा तीच कृती स्वतःच्या शब्दांत लिहून काढण्यास लेखिका हरकत घेऊ शकत नाही, पण तिने ज्या शब्दांत ती कृती समजावली आहे तो मजकूर जसाच्या तसा आपल्या पुस्तकात घालता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट या दोन्हींचा विषय प्रांताभिमानामुळे येणारा दुरावा हा होता, म्हणून चित्रपट ही नाटकाची नक्कल आहे असा दावा करण्यात आला होता. विषय सारखा असला तरी त्याची हाताळणी, प्रसंग आणि पात्रे पुरेशी वेगळी असल्यास कॉपीराइटचा भंग होत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर ‘ही तर त्याचीच नक्कल आहे’ असा निःसंदिग्ध ठसा उमटतो का, ही त्या निकालातील कसोटी आजही वापरली जाते.

विद्यार्थ्याच्या कामात हा भेद रोज उपयोगी पडतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला, ही घटना आहे आणि तिच्यावर कितीही नाटके लिहिली तरी कोणाची परवानगी लागत नाही. पण रणजित देसाई यांनी ‘श्रीमान योगी’ या कादंबरीत कल्पनेने रचलेले संवाद त्यांचे आहेत आणि ते उचलून नव्या नाटकात घालायचे असतील तर परवानगी हवीच. निव्वळ श्रम आणि पैसा खर्च केल्याने हा हक्क निर्माण होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या २००७ च्या निकालात सांगितले आहे. त्यासाठी कौशल्य, निर्णयबुद्धी आणि थोडी तरी सर्जनशीलता लागते. म्हणूनच एखाद्या संस्थेने जुने पुस्तक केवळ स्कॅन केले, तर त्या मजकुरावर तिचा नवा हक्क उत्पन्न होतो असे म्हणणे कठीण आहे. पण त्याच जुन्या ग्रंथाला एखाद्या अभ्यासकाने प्रस्तावना, टीपा व शब्दार्थ जोडले, तर तेवढ्या भागावर त्या अभ्यासकाचा हक्क निश्चित असतो. ‘ज्ञानेश्वरी’च्या ओव्या सर्वांच्या आहेत, पण गेल्या पिढीतील संपादकाने त्यांना दिलेला गद्य अर्थ त्या संपादकाचा आहे.

हक्क कसा मिळतो आणि त्यात काय येते?

कृती कागदावर, संगणकावर किंवा अन्य माध्यमात उतरली की त्या क्षणी हक्क आपोआप सुरू होतो. नोंदणी ऐच्छिक असून वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो, परंतु ती नसल्याने हक्क जात नाही. वर्तुळातील सी हे चिन्ह छापलेले नसले तरीही हक्क असतोच. त्यामुळे महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कथा लिहिणारी विद्यार्थिनी ही तिच्या कथेची पहिली मालक असते आणि लेखी करार केल्याशिवाय तो हक्क दुसऱ्याकडे जात नाही. हक्क हस्तांतरित करणाऱ्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे मानतो.

कॉपीराइट हा अनेक हक्कांचा समूह आहे. प्रती काढणे, भाषांतर करणे, कादंबरीचे नाट्यरूपांतर करणे, जाहीर प्रयोग करणे आणि इंटरनेटसारख्या माध्यमातून लोकांपर्यंत पोचवणे हे त्यातील वेगवेगळे हक्क असून ते वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. पुस्तकाची प्रत विकत घेणाऱ्याला मात्र यांपैकी काहीच मिळत नाही; ती प्रत वाचण्याचा, दुसऱ्याला देण्याचा किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकून टाकण्याचा अधिकार तेवढा त्याला असतो. याखेरीज कलम ५७ नुसार कृतीवर आपले नाव असावे आणि आपल्या कीर्तीला बाधा येईल अशी तिची मोडतोड होऊ नये, हा अधिकार हक्क विकल्यानंतरही लेखकाकडेच राहतो.

साठ वर्षांचा हिशेब

दुसरा प्रश्न मुदतीचा आहे. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो, आणि ही ६० वर्षे मृत्यूच्या तारखेपासून न मोजता पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचे निधन जून १९५० मध्ये झाले, म्हणून मोजणी १ जानेवारी १९५१ पासून सुरू झाली, ३१ डिसेंबर २०१० रोजी संपली आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके सर्वांसाठी मुक्त झाली. मुदत संपल्यामुळे कोणाच्याही खासगी हक्काखाली न उरलेल्या अशा साहित्यसंचयाला पब्लिक डोमेन म्हणतात. केशवसुत, हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, महात्मा फुले, सावित्रीबाई फुले, लोकमान्य टिळक यांचे ग्रंथ त्यात कधीच दाखल झाले आहेत. आचार्य अत्रे १९६९ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०३० रोजी मुक्त होईल, पु. ल. देशपांडे यांचे निधन २००० सालचे असल्याने त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०६० च्या अखेरपर्यंत राहील.

ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर यांचे निधन ऑगस्ट १९४१ मध्ये झाले होते आणि १९९१ च्या अखेरीस त्यांच्या साहित्यावरील हक्क संपणार होता, तेव्हा तो आणखी काही वर्षे विश्वभारती विद्यापीठाकडे राहावा अशी मागणी झाली आणि कायद्यात दुरुस्ती होऊन सर्वच लेखकांसाठी मुदत ६० वर्षे करण्यात आली. एका लेखकाच्या निमित्ताने झालेल्या या बदलामुळे त्या दशकात मुक्त होऊ शकणारे देशातील अन्य लेखकांचे साहित्यही दहा वर्षे थांबून राहिले. मुदत किती असावी हा निसर्गनियम नसून समाजाने घेतलेला निर्णय असतो, आणि तो बदलण्याची किंमत वाचकांनाही मोजावी लागते, हे यावरून दिसते.

लेखकाच्या निधनानंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हिशेब मात्र प्रकाशनाच्या वर्षावरून होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले, त्यामुळे १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा ग्रंथ १ जानेवारी २०१७ रोजी मुक्त झाला. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणून तो एक वर्ष उशिरा मुक्त झाला. तर ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केल्यामुळे या नियमानुसार त्यावरील हक्क २०४७ च्या अखेरपर्यंत टिकतो. लेखक एकच असूनही त्याच्या तीन ग्रंथांची स्थिती वेगवेगळी असू शकते, हे ध्यानात ठेवणे म्हणून आवश्यक आहे.

चित्रपट, ध्वनिमुद्रण, टोपणनावाने प्रसिद्ध झालेले साहित्य आणि शासकीय प्रकाशने यांची ६० वर्षेही साधारणतः प्रकाशनापासून मोजतात. छायाचित्रांनाही पूर्वी हाच नियम होता, पण २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे अशी मुदत मिळाली. चित्रपटाच्या बाबतीत एकाच कृतीत अनेक हक्क एकावर एक रचलेले असतात. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ चा आहे. त्यातील मूळ पुस्तकावरील हक्क २०१० च्या अखेरीस संपला आणि चित्रपट म्हणून असलेला हक्क २०१३ च्या अखेरीस. परंतु अत्र्यांच्या पटकथेला २०२९ पर्यंत आणि १९७५ मध्ये निवर्तलेल्या वसंत देसाई यांच्या संगीतरचनेला २०३५ पर्यंत स्वतंत्र संरक्षण आहे. त्यामुळे कोणी मूळ पुस्तकावरून नवे नाटक बसवले तर अडचण नाही, पण त्यात चित्रपटातील चाल वापरायची असल्यास तिच्या हक्कधारकाला विचारावे लागते.

देशोदेशींची मुदत वेगळी असते, हीदेखील व्यवहारातील महत्त्वाची बाब आहे. १८८६ च्या बर्न करारामुळे एका सदस्य देशातील कृतीला इतर सदस्य देशांतही संरक्षण मिळते आणि भारत १९२८ पासून या कराराचा सदस्य आहे. पण मुदत ठरवणारा कायदा प्रत्येक देशाचा स्वतःचा असतो. जॉर्ज ऑर्वेल यांचे निधन जानेवारी १९५० मध्ये झाले. त्यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी भारतात २०११ मध्ये मुक्त झाली, मृत्यूनंतर ७० वर्षांची मुदत असलेल्या ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये मुक्त झाली, आणि अमेरिकेत जुन्या कृतींसाठी प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजली जात असल्याने १९४९ चे हे पुस्तक तेथे २०४४ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. परदेशातील मराठी शाळांनी आणि मंडळांनी भारतात मुक्त झालेले पुस्तक आपल्या संकेतस्थळावर ठेवण्याआधी तेथील मुदत तपासून पाहणे म्हणूनच गरजेचे ठरते.

अभ्यासासाठी दिलेली मुभा

तिसरा प्रश्न वापराचा आहे. कृती संरक्षित असून मुदतही संपलेली नसली, तरी काही कामांसाठी परवानगी लागत नाही. भारतीय कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा कामांची लांबलचक यादी असून तिच्या पहिल्याच पोटकलमात न्याय्य वापराची, म्हणजे इंग्रजीत ज्याला फेअर डीलिंग म्हणतात त्याची, तरतूद आहे. संशोधनासह खासगी वा वैयक्तिक उपयोग, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन या तीन हेतूंसाठी संगणक आज्ञावली सोडून कोणत्याही कृतीचा न्याय्य वापर करता येतो. कवितेची समीक्षा करताना त्यातील ओळी उद्धृत करणे, कादंबरीतील उतारा देऊन त्याची चिकित्सा करणे किंवा ग्रंथातील काही पानांची अभ्यासासाठी प्रत काढणे ही सर्व कामे यात बसतात.

‘न्याय्य’ कशाला म्हणायचे, याची व्याख्या कायद्यात नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा या खटल्यात त्यासाठी उपयुक्त निकष वापरले. एका गाजलेल्या मल्याळी राजकीय नाटकातील पात्रे आणि संवाद घेऊन त्याच नाटकावर टीका करणारे दुसरे नाटक लिहिले गेले होते. घेतलेला मजकूर किती व किती मोलाचा आहे, तो कोणत्या हेतूने घेतला आहे आणि नवी कृती मूळ कृतीच्या बाजारपेठेत तिची जागा घेईल का, या बाबी न्यायालयाने तपासल्या आणि टीकेसाठी घेतलेला मजकूर न्याय्य ठरवला. दहा टक्के मजकूर घेतला तर चालते किंवा तीस सेकंद गाणे वाजवले तर चालते, अशा स्वरूपाचे जे ठोकताळे सर्रास ऐकू येतात, त्यांना या कायद्यात आधार नाही. चार ओळींच्या कवितेच्या चारही ओळी समीक्षेत आवश्यक ठरू शकतात, तर मोठ्या ग्रंथाचे एकच पान, जर त्यात ग्रंथाचे सार असेल, तर विनाकारण उचलणे अन्याय्य ठरू शकते.

शिक्षणासाठी या यादीत आणखी स्वतंत्र तरतुदी आहेत. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल, प्रश्नपत्रिकेतील मजकूर आणि उत्तरपत्रिकेतील मजकूर यांनी भंग होत नाही. मुख्यतः हक्कमुक्त साहित्याच्या शैक्षणिक संग्रहात संरक्षित साहित्यातील छोटे उतारे काही अटींवर घेता येतात, पण एकाच प्रकाशकाला पाच वर्षांत एकाच लेखकाचे दोनपेक्षा अधिक उतारे असे घेता येत नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षक व विद्यार्थी नाटक सादर करतात आणि प्रेक्षक विद्यार्थी, पालक, शिक्षक व संस्थेशी संबंधित व्यक्तीच असतात, तेव्हा त्या प्रयोगाला लेखकाची परवानगी लागत नाही. तोच प्रयोग तिकीट लावून बाहेरच्या प्रेक्षकांसमोर केला, तर ही सवलत मिळत नाही. आणि स्नेहसंमेलनातील प्रयोगाचे चित्रण यूट्यूबवर टाकणे हे प्रयोग करण्यापेक्षा वेगळे कृत्य असल्याने त्यालाही ती आपोआप लागू होत नाही.

अंध किंवा अन्य प्रकारे अपंग असलेल्या व्यक्तींना वाचता यावे यासाठी कृतीचे सुलभ स्वरूपात रूपांतर करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली. पुस्तक ब्रेलमध्ये आणण्यासाठी किंवा दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ते ध्वनिमुद्रित करण्यासाठी, हे काम नफ्यासाठी नसल्यास, परवानगी मागत बसावे लागत नाही. महाविद्यालयांतील वाचकगटांनी या तरतुदीचा भरपूर उपयोग करायला हवा.

झेरॉक्सचे दुकान आणि उच्च न्यायालय

अध्यापनासाठीच्या सवलतीचा आवाका किती, हा प्रश्न दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावरून न्यायालयात पोचला. अभ्यासक्रमात नेमलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र करून त्यांचे संच रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान विद्यार्थ्यांना प्रतींच्या दराने देत असे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दुकान व विद्यापीठ यांच्यावर दावा लावला; विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या संघटना बचावाच्या बाजूने खटल्यात उतरल्या.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने कायद्याचा अर्थ लावताना मुख्यत्वे विद्यार्थ्यांची बाजू मान्य केली. अध्यापन म्हणजे वर्गातील तासापुरती क्रिया नसून अभ्यासक्रम आखण्यापासून परीक्षेपर्यंतची सगळी प्रक्रिया होय, आणि शिकवण्यासाठी आवश्यक तेवढा मजकूर घेतला असेल तर पानांच्या संख्येची वेगळी मर्यादा कायद्याने घातलेली नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. प्रत शिक्षकाने स्वतः काढली की दुकानदाराकडून काढून घेतली, यानेही फरक पडत नाही. संचातील मजकूर अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होता का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न खंडपीठाने पुढील सुनावणीसाठी ठेवला होता, परंतु प्रकाशकांनी मार्च २०१७ मध्ये दावा मागे घेतला.

या निकालाने सगळीच पुस्तके झेरॉक्ससाठी खुली झाली, असा अर्थ मात्र काढता येत नाही. अध्यापनाशी संबंध नसताना संपूर्ण पुस्तकाच्या बांधीव प्रती काढून विकणे पूर्वीइतकेच बेकायदा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात सांगितली आहे.

भारतातील फेअर डीलिंग आणि अमेरिकेतील फेअर यूज यांची गल्लत अनेकदा होते. भारतीय कायदा मोजक्या हेतूंची यादी देतो आणि त्यात न बसणारा वापर कितीही उदात्त असला तरी सवलतीस पात्र ठरत नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात हेतूंची यादी खुली असून वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारपेठेवरील परिणाम या चार निकषांवर न्यायालय प्रत्येक प्रकरणाचा निर्णय करते. इंटरनेटवरील बहुतेक मार्गदर्शन अमेरिकी कायद्यावर आधारलेले असल्याने भारतीय विद्यार्थ्याने ते जसेच्या तसे लागू समजू नये.

इंटरनेटवर मिळाले म्हणजे मुक्त झाले का?

विनामूल्य वाचता येणे आणि हक्कमुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी विश्वकोश इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतो, पण तेवढ्याने तो पब्लिक डोमेनमध्ये गेला असे होत नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने केलेल्या कृतींना तेथे कॉपीराइट नसतो आणि म्हणून नासाची बहुतेक छायाचित्रे मोकळेपणाने वापरता येतात. भारतात शासकीय प्रकाशनांना ६० वर्षांचे संरक्षण आहे, मात्र न्यायालयांचे निकाल आणि विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल पुन्हा प्रसिद्ध करण्याची मुभा सर्वसाधारणपणे आहे. शोधयंत्राने दाखवलेले छायाचित्र कोणाचे तरी असतेच आणि प्रकल्पाच्या वहीपुरता त्याचा वापर क्षम्य असला, तरी तेच छायाचित्र छापील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेणे क्षम्य नसते.

या अडचणीवर लेखकांनीच काढलेला एक मार्ग म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने. आपली कृती कोणत्या अटींवर वापरता येईल हे लेखक त्यातून आधीच जाहीर करतो: नाव द्यावे, रूपांतराला हाच परवाना लावावा, व्यावसायिक उपयोग करू नये किंवा मूळ कृतीत बदल करू नये, अशा या अटी असतात. विकिपीडियावरील मजकूर नाव देऊन आणि तोच परवाना कायम ठेवून कोणालाही वापरता येतो. हक्क पूर्णपणे सोडून देण्याची सोयही भारतीय कायद्यात आहे.

चोरी एक, भंग दुसरा

कॉपीराइटचा भंग आणि वाङ्मयचौर्य या दोन दोषांची सांगड घातली जाते, पण ते स्वतंत्र आहेत. महात्मा फुले यांच्या ग्रंथातील उतारा नाव न देता आपल्या प्रबंधात घालणाऱ्याने कॉपीराइटचा भंग केलेला नसतो, कारण तो ग्रंथ मुक्त आहे. तरीही त्याने वाङ्मयचौर्य केलेले असते आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांखाली अशा प्रबंधावर कारवाई होऊ शकते. उलट, हयात लेखकाची संपूर्ण कादंबरी त्याचे नाव ठळकपणे देऊन संकेतस्थळावर टाकणाऱ्याने चौर्य केलेले नसते, पण कॉपीराइटचा भंग निश्चित केलेला असतो. श्रेयनामावली ही परवानगीची जागा घेऊ शकत नाही आणि परवानगी असली म्हणून श्रेय देण्याचे कर्तव्य संपत नाही.

चौकट: थोडक्यात

• कल्पना, घटना, माहिती यांवर हक्क नसतो. शब्द, सूर, रेषा यांतील मांडणीवर असतो.
• हक्क आपोआप मिळतो. नोंदणी किंवा चिन्ह यांची सक्ती नाही.
• लेखकाची हयात आणि त्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे. मरणोत्तर प्रकाशित साहित्य, चित्रपट, ध्वनिमुद्रण यांना प्रकाशनानंतर ६० वर्षे.
• मूळ ग्रंथ मुक्त असला तरी त्याचे नवे भाषांतर, टीपा, प्रस्तावना संरक्षित असू शकतात.
• वैयक्तिक अभ्यास, संशोधन, समीक्षा, अध्यापन आणि परीक्षा यांसाठी गरजेपुरता वापर परवानगीविना करता येतो.
• टक्केवारीचा ठोकताळा नाही. हेतू, प्रमाण आणि मूळ कृतीच्या विक्रीवरील परिणाम पाहावा.
• श्रेय प्रत्येक वेळी द्यावे, कृती मुक्त असली तरीही.

हक्क आणि मुभा, दोन्हींची जाण

या कायद्याविषयीच्या अज्ञानाने दोन प्रकारचे नुकसान होते. नव्या मराठी पुस्तकाची पीडीएफ प्रकाशनानंतर काही दिवसांतच मोबाइलवर फिरू लागते, तेव्हा मुळातच छोट्या असलेल्या बाजारपेठेतील लेखक व प्रकाशक यांचे कष्ट वाया जातात आणि पुढचे पुस्तक निघण्याची शक्यता कमी होते. दुसऱ्या प्रकारचे नुकसान तितके डोळ्यांवर येत नाही: नसलेल्या बंदीच्या धाकाने ग्रंथपाल दोन पानांची प्रतही नाकारतो, शिक्षक उतारा वर्गात वाटायला कचरतो आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मुक्त ग्रंथाच्या उरलेल्या प्रती कपाटात झिजत राहतात, कारण तो ग्रंथ पुन्हा छापण्याचा अधिकार आपल्याला आहे हे कोणाला माहीत नसते. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी लेखनाचा फार मोठा भाग आज कायद्याने सर्वांचा आहे. तो टंकित करून, तपासून विकिस्रोतासारख्या मुक्त ग्रंथालयात ठेवणे हे मराठीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला करता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी लेखकाचे मृत्युवर्ष, पुस्तकाचे प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि आवृत्तीतील नव्या भागाचा कर्ता या तीन नोंदी काळजीपूर्वक तपासाव्या लागतात. हयात लेखकाचे पुस्तक विकत घेऊन वाचणे आणि मुक्त झालेले पुस्तक पुढच्या वाचकाच्या हाती देणे, या दोन्ही गोष्टी हा कायदा वाचकाकडून सारख्याच अपेक्षितो, आणि त्या दोन्ही करणाऱ्या वाचकांच्या बळावरच भाषेतील ग्रंथव्यवहार टिकतो.